मास्तरांचं कद्दीश

राहेलबाई झिराडकरांनी सकाळपासून तिसऱ्यांदा पोहे निवडायला घेतले. पहिल्या खेपेला त्यात खडा सापडला नव्हता, दुसऱ्या खेपेलाही नाही. तरी सूप पुन्हा मांडीवर आलं.

"बाई, आता खडा सापडायचा न्हाई, पोहेच संपतील," स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी खोबरं किसत बसलेली लेया म्हणाली.

"तू किस गप. बोलत किसलं की बोट कापतं."

"चोपन्न वर्षांची झाले मी."

"झाली असशील. खोबरं जाडच पडायलंय तरी."

लेया हसली आणि तिनं किसणी फिरवून बारीक बाजू वर केली. पूर्णा जंक्शनच्या गार्डची ही पोरगी. आता ती इंग्लंडातल्या एका गावात रब्बी होती. रब्बी म्हणजे ज्यू लोकांचे धर्मगुरू, धर्म शिकवणारे आणि विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देणारे. शेकडो वर्षं हे काम पुरुषांचंच मानलं गेलं. हल्ली काही देशांत, काही पंथांत बायका रीतसर शिकून रब्बी होतात. बाकीच्यांना ते मान्य नाही. कोकणातून रेल्वेच्या नोकऱ्या धरून मराठवाड्यात आलेल्या बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू, घरांना तर ते ऐकूनही माहीत नव्हतं. लेया रब्बी झाल्याची बातमी आली तेव्हा राहेलबाईंनी पिंगळीच्या घरात आनंदानं शिरा केला होता आणि मग रात्रभर विचार केला होता की, आनंद करायचा की नाही ते कुणाला विचारायचं?

आज मात्र बाईंचा जीव दुसऱ्याच गोष्टीत अडकला होता. त्यांचे यजमान, बेंजामिन मास्तर, पिंगळीचे स्टेशनमास्तर. त्यांना जाऊन आज वर्ष झालं होतं. गेले तेव्हा बाईंचा पाय मोडून प्लास्टरमध्ये होता. मास्तरांना ठाण्याच्या कब्रस्तानात नेलं आणि बाई इथं खाटेवर पडून राहिल्या. तिथं कद्दीश म्हटलं गेलं असं त्यांना फोनवर कळलं. पण त्यांच्या कानांनी ते ऐकलं नव्हतं.

कद्दीश ही गेलेल्या माणसासाठी म्हणायची प्रार्थना. गंमत अशी की तिच्यात मरणाचं नावसुद्धा येत नाही. सगळी देवाची स्तुती. ज्याचं माणूस गेलं, देवावर रागवायचा ज्याला सगळ्यात जास्त हक्क, त्यानंच उभं राहून ती म्हणायची. आणि ती एकट्यानं म्हणता येत नाही. 'आमेन', म्हणजे तथास्तु, म्हणायला दहाजण लागतात. जुन्या रीतीप्रमाणे दहा पुरुष.

पिंगळीत दहा कुठून येणार? मास्तरांचे वडील गेले त्याला जमाना झाला. दर वर्षी त्या दिवशी मास्तर दिवा लावायचे, टोपी घालायचे, पुस्तक उघडायचे आणि नुसते बसून राहायचे. एका वर्षी पूर्णा-परभणी-नांदेड मिळून नऊजण जमले होते. दहावा आलाच नाही, त्याला ड्यूटी लागली. मास्तरांनी पुस्तक मिटलं आणि त्या नऊजणांना जेवू घातलं. बावीस वर्षं हे असं चाललं. बाई दर वेळी त्यांच्याशेजारी बसलेल्या असायच्या. त्यांना मूलबाळ नव्हतं, त्यामुळे मास्तर म्हणायचे, "माझ्यासाठी कोण म्हणणार कुणास ठाऊक. पण म्हटलंच तर याच घरात म्हणू द्या."

म्हणून बाईंनी चार महिने फोन करून करून दहाजण जमवले होते. सगळे त्यांचेच विद्यार्थी. बाई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायच्या आणि रविवारी घरच्या ओट्यावर रेल्वेतल्या ज्यू पोरांना धर्माचं शिकवायच्या. ती पोरं आता कुणी निवृत्त, कुणी आजोबा. आज ती पुण्याहून, नांदेडहून, संभाजीनगरहून येणार होती. प्रार्थना चालवायला ठाण्याहून हझान येणार होते. हझान म्हणजे प्रार्थना म्हणणारा जाणकार. दोनपर्यंत पोचतो म्हणाले होते. पावणेसहाला सूर्य मावळला की ज्यू पंचांगातला दिवस बदलतो. त्याच्या आत व्हायला हवं, एवढंच.

"तुमच्या दहाजणांतल्या आयझॅकनं मला मेसेज टाकला होता," लेया म्हणाली. "'जरूर ये, पण पाहुणी म्हणून ये, रब्बी म्हणून येऊ नको.'"

"तू काय लिहिलंस?"

"लिहिलं, खोबरं किसायला येते."

बाईंना हसू आलं नाही. त्यांनी सूप बाजूला ठेवलं. "तिकडं ऐकतात का गं तुझं?"

लेयानं जरा विचार केला. "ऐकतात असंही न्हाई, न्हाई असंही न्हाई. एक आजोबा आहेत. बाई प्रार्थना घेते म्हणून दर शनिवारी माझ्याकडं पाठ करून बसतात. पण चुकत न्हाईत यायला. एक शनिवार मी आजारी होते, तर घरी विचारायला आले." मग तिचा आवाज उतरला. "एक बाई होती, तिचं बाळ पोटातच गेलं. कुणाला सांगायची तिची छाती झाली न्हाई. माझ्या आधी तिथं जे होते ते चांगले गृहस्थ होते, पण त्यांना कसं सांगणार? तिनं मला अकरा वर्षांनी सांगितलं. मग आमी दोघींनी बसून त्या बाळासाठी प्रार्थना लिहिली. आता बाकीच्या गावांतल्या बायकाही ती मागून नेतात. मुली पुढं येऊन वाचतात, त्यांच्या आया वाचायला शिकतात. एवढंच बदललंय बगा. बाकी भांडणं हायेतच."

बाईंनी पोहे भिजवले. भिजवलेल्या पोह्यांत गूळ घालताना त्यांना आठवलं, रविवारी सगळी पोरं ओट्यावर बसली की या पोरीला त्या आत पाठवायच्या. 'जा, मलिद्याचे पोहे भिजव.' पोहे, गूळ, खोबरं, वेलदोडा एकत्र करून, वर फळं मांडून देवापुढं ठेवायचं ताट म्हणजे मलिदा. ते करायचं बायकांनी, त्यावर म्हणायचं पुरुषांनी. पोरांना त्यांनी प्रार्थना शिकवली आणि पोरीला पोहे. पोरगी आत बसून पोहे भिजवता भिजवता सगळं ऐकत होती, हे त्यांना कधी कळलंच नाही.

तीनपर्यंत दहाही जण आले. शेजारच्या सरजाबाईंनी बुद्धविहारातून सतरंज्या आणल्या आणि येईल त्याला पाणी दिलं. सगळ्यात आधी आयझॅक पेणकर आला, नांदेडच्या बँकेतून निवृत्त झालेला, इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात फायली धरल्यासारखी प्रार्थनेची पुस्तकं. मागोमाग जाडा शमुवेल आला आणि त्यानं दारातूनच ओरडून विचारलं, "बाई, छडी हाय का अजून?"

"छडी नाही, लाटणं आहे. हात धू."

सगळे आले. हझान तेवढे आले नाहीत.

दोन वाजता ते जालन्यात होते. त्यांच्या गाडीचं टायर बसलं होतं. साडेतीनला 'निघालो' म्हणाले. साडेचारला कळलं की मानवतजवळ कापसाच्या गाड्यांची रांग लागलीय आणि मोटार मुंगीच्या चालीनं सरकतेय.

"आधी यायला काय झालं होतं?" बाई पुटपुटल्या. "चार महिने सांगायलेय मी."

"कापसाचा हंगाम हाय बाई, मानवतचं असंच असतं," शमुवेल म्हणाला.

"हंगाम काय आज उगवला?"

मलिद्याचं ताट मधोमध मांडलं होतं. पाच फळं, खजूर, वर गुलाबाच्या पाकळ्या. पोहे कोरडे पडू नयेत म्हणून बाईंनी दोनदा ओला फडका झाकला. दहा पुरुष भिंतीला टेकून बसले होते. कुणी क्रिकेटचं बोलत होतं, कुणी गुडघ्याचं.

सरजाबाईंनी शेवटी न राहवून विचारलं, "बाई, मी म्हन्ते, ही लेया आलीय न्हवं एवढं शिकून? मंग हिलाच म्हनू द्या की. आमच्या विहारात मी सोता वंदना घेती. कुनाचं काय अडतंय?"

क्रिकेट थांबलं, गुडघाही थांबला.

"मावशी, आमच्यात तसं नसतं," आयझॅक सावकाश म्हणाला.

"बरं, मंग या दहातल्या कुनी म्हना."

दहाही जणांनी आपापल्या पुस्तकांत पाहिलं. पुस्तकं हिब्रूत होती. आयझॅकनं पहिली ओळ बोटानं धरली, दोन शब्द जुळवले, तिसऱ्यापाशी अडला आणि घसा खाकरला. "सवय राहिली न्हाई. चुकीचं म्हणण्यापेक्षा हझान येऊ द्यावेत."

बाई त्याच्या अडलेल्या बोटाकडं बघत राहिल्या. हाच आयझॅक याच घरात पाठांतरात पहिला यायचा. त्याला त्यांनी बक्षीस म्हणून मास्तरांची शिट्टी दिली होती. पोरानं शिट्टी जपली असेल, शब्द तेवढे घालवले.

पाचला दहा कमी असताना आयझॅकला तोड सुचली. "फोनवर घेऊ. हझान तिकडून म्हणतील, आपण इकडून आमेन म्हणू. दहा तर आपण आहोतच."

त्यानं हझानना फोन लावला, आवाज मोठा केला आणि फोन मास्तरांच्या खुर्चीत, पाठीला टेकवून, उभा ठेवला. फोन दोनदा घसरला. तिसऱ्यांदा त्याच्या बुडाशी खजुराची पिशवी लावली.

"येतोय का आवाज?" खुर्ची म्हणाली.

"येतोय, येतोय!"

हझान म्हणायला लागले. आवाज चांगला होता. पण दर ओळीला मागून ट्रॅक्टरचा भोंगा वाजत होता, कुणीतरी "दाब, दाब, डावीकडं दाब" ओरडत होतं. दहाही जण ताठ बसून खुर्चीकडं बघत होते.

"हझान," शमुवेल म्हणाला, "त्या ट्रॅक्टरवाल्यालाबी आमेन म्हणायला सांगा, एक जास्तीचा होईल." दोघंतिघं फिसकन हसले. आयझॅकनं डोळे वटारले.

मग आवाज तुटला. 'हॅलो, हॅलो' झालं. पुन्हा लागला, पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा तुटला. स्वयंपाकघराच्या दारात लेया उभी होती. खुर्चीतला आवाज मधेच गेला की तिचे ओठ पुढचे शब्द पुरे करत होते, आवाज न करता, एकही न चुकता. बाई खुर्चीकडं बघायच्या, मग त्या ओठांकडं, मग पुन्हा खुर्चीकडं. खिडकीतून आलेलं ऊन भिंतीवर चढत चाललं होतं.

तिसऱ्यांदा आवाज गेला तेव्हा बाई उठल्या. गुडघ्यावर हात दाबून उठल्या, खुर्चीपाशी गेल्या, फोन उचलला आणि आयझॅकच्या हातात दिला.

"ही मास्तरांची खुर्ची आहे."

"बाई, आता लागेल, थोडी रेंज..."

"दहा पुरुषांना फोन चालतो. ट्रॅक्टर चालतो. पायावर उभं असलेलं, सगळं येणारं माणूस घरात असून चालत नाही. हे कसलं रे शास्त्र?"

आयझॅक उभा राहिला. तो वाईट माणूस नव्हता. मास्तरांना ठाण्याला नेताना रात्रभर गाडीत त्यांच्या उशाशी तोच बसला होता. "बाई, मला लेयाबद्दल कायबी न्हाई. ती शिकली, नाव काढलं. पण आपण मूठभर उरलोय. आज हिनं प्रार्थना घेतली की उद्या ठाण्यात बोलणार, परवा पनवेलला. आपल्यातच दोन तुकडे व्हायचे. आणि हा नियम मी काढला का? तुमीच शिकवलं. याच ओट्यावर. तुमी विचारलं, कद्दीशला कोण लागतं? मी म्हटलं, दहा माणसं. तुमी म्हणालात, नीट सांग. दहा पुरुष. मला तुमी दहा वेळा म्हणायला लावलं होतं."

बाईंना तो रविवार आठवत नव्हता, पण तो खोटं बोलत नव्हता हे त्यांना कळत होतं. त्या तशाच शिकवायच्या. पोरगं घोटून घोटून पक्कं करायच्या, मग त्याला मरेपर्यंत विसरता यायचं नाही. आयझॅक प्रार्थना विसरला होता आणि नेमका हा एक धडा पक्का ठेवून बसला होता. राग कुणाचा करायचा? आयझॅकचा, हझानचा, मानवतच्या कापसाचा? की नऊजण जमले असताना पुस्तक मिटून ठेवणाऱ्या मास्तरांचा? त्या दिवशी त्या खोलीत दहावं माणूस नव्हतं असं सगळ्यांनी धरलं. बाई तिथंच तर बसल्या होत्या, पाण्याचा तांब्या घेऊन. त्यांनी स्वतःसुद्धा तसंच धरलं होतं.

"चूक शिकवलं असेल," त्या शेवटी म्हणाल्या. आवाज कोरडा होता. "शाळेत मी भूगोलही शिकवायचे. त्यातले निम्मे जिल्हे आता बदललेत. लेया, ये बाहेर. घे प्रार्थना."

लेया पदराला हात पुसत बाहेर आली. "प्रार्थना घेते मी. पण कद्दीश मी म्हणणार न्हाई."

"आता तुझं काय?"

"माझं माणूस गेलं न्हाई, बाई. तुमचं गेलंय. ज्याचं गेलं त्यानं म्हणायचं असतं, हेबी तुमीच शिकवलंय."

"मी? मी फक्त शिकवलं गं. म्हटलं नाही कधी." बाई खरोखर वैतागल्या. "मला ऐकायचं होतं. वर्षभर मी ऐकायची वाट बघतेय, आणि तुम्ही सगळे मिळून माझ्यावरच ढकलताय!"

लेया हटली नाही. ती फक्त उभी राहिली.

आयझॅकनं टोपी नीट केली आणि पुस्तक बगलेत घेतलं. "मी ओट्यावर बसतो. तुमचा अपमान करायचा न्हाई मला बाई, पण मला मोजू नका. तुमी नऊ राहिलात." तो बाहेर गेला. दार त्यानं हळूच ओढून घेतलं, पूर्ण लावलं नाही.

"माझ्या मोजणीनं आमी दोघी धरून अकरा," लेया म्हणाली.

"मी धरून?" सरजाबाईंनी विचारलं.

"तुमी धरून बारा झाले असते मावशी, पण विहारातले लोक मला सोडायचे न्हाईत."

उरलेले नऊजण मात्र चुळबुळत होते. एकानं चपलांकडं पाहिलं. एकजण फोनमध्ये वेळ बघत होता. भिंतीवरचं ऊन छताच्या कडेला पोचलं होतं.

"उठा," बाई म्हणाल्या.

तो आवाज पिंगळीच्या शाळेतला होता. नऊही पुरुष, त्यांतले दोघं आजोबा, झटकन उभे राहिले. शमुवेलनं खिशातले हातसुद्धा बाहेर काढले.

लेयानं दुपारची प्रार्थना म्हटली. थांबत नाही, अडत नाही, पूर्णेच्या रेल्वे क्वार्टरमधलेच हेल. मग तिनं बाईंकडं पाहिलं. बाई मास्तरांच्या खुर्चीची पाठ धरून उभ्या राहिल्या. शब्द पाठ होते. तीस पोरांना पाठ करून दिले होते. पण तोंड उघडताना मनात फक्त राग होता.

"यितगद्दल," त्या म्हणाल्या, आणि थांबल्या.

थांबायला नको होतं. पण पन्नास वर्षांची सवय. शिकवताना त्या अर्धी ओळ म्हणायच्या आणि थांबायच्या. उरलेली अर्धी पोरांनी म्हणायची.

"वेयितकद्दश!" नऊजण एका दमात म्हणाले.

आणि स्वतःच दचकले. जे पुस्तकात बघून येत नव्हतं ते कुठल्यातरी जुन्या कप्प्यातून आपणहून बाहेर पडलं होतं, तेही पोरांच्या चालीत, शेवटचं अक्षर लांबवून. बाईंनी पुढची अर्धी म्हटली. नऊजणांनी उरलेली दिली. मग पुढची. त्या थांबत होत्या आणि समोरून येत होतं. मधे शमुवेल एका शब्दाला घसरला, तर बाईंनी आपोआप मान हलवली आणि त्याला तो शब्द पुन्हा म्हणायला लावला. शेवटच्या आमेनला पुरुषांचे आवाज चांगलेच चढले होते. लेया गालावरनं हात फिरवत होती.

बाई मात्र रडल्या नाहीत. नवऱ्यासाठी प्रार्थना म्हटली की वर्गाची उजळणी घेतली, हेच त्यांना कळेना. एकदा तरी कुणीतरी म्हणावं आणि आपण नुसतं ऐकावं, असं त्यांना वाटलं होतं. तेही त्यांनाच करून घ्यावं लागलं.

सूर्य मावळला. आयझॅक दार ढकलून आत आला. सगळ्यांकडं पाहून मान डोलावली.

"छान झालं. मास्तरांची आठवण झाली. आता हझान आले की नीट करून घेऊ. अडचण असली की दिवस उलटला तरी चालतं."

"नीट म्हणजे?" लेयानं विचारलं.

"म्हणजे रीतीनं. दहा पुरुष, हझान, मलिदा. ताट तयारच हाय."

आणि त्या नऊजणांतल्या तिघाचौघांनी माना हलवल्या! आत्ता छाती फुगवून आमेन म्हणणाऱ्यांनीच. एकजण म्हणाला, "तसं बी करून ठेवलेलं बरं. कुनी विचारलं तर." शमुवेल तेवढा गप्प राहिला.

"तुमचाबी आवाज येत होता की वो," सरजाबाई आयझॅकला म्हणाल्या. "मी दाराशीच हुते. शेवटाला तर लय जोरात म्हनले तुमी."

आयझॅकचे कान लाल झाले. "ते सवयीनं आलं, मावशी. सवयीनं आलेलं मोजत नसतात."

बाईंनी ताटावरचा फडका ओढून काढला. पाकळ्या बाजूला सारल्या. लेयाला खुणेनं जवळ बोलावलं. "मलिद्यावरचा आशीर्वाद म्हण. लवकर."

लेयानं म्हटला. बाईंनी मूठ भरली आणि पहिली मूठ शमुवेलच्या हातावर ठेवली.

"बाई, थांबा, हझान मानवत सोडून निघालेत..."

"मलिदा झाला की वाटायचा असतो. झाकून ठेवला की आंबतो."

दुसरी मूठ, तिसरी मूठ. फळं कापून. खजूर प्रत्येकाला दोन. एक मूठ कागदात घालून त्यांनी आयझॅकच्या हातात कोंबली. सरजाबाईंना डबा भरून दिला. बाहेर गल्लीत खेळणाऱ्या पोरींना हाका मारल्या, त्या आठजणी ओंजळी करून आल्या. "आजी, आज काय हाय?" "आजोबांचा दिवस आहे. खाली सांडू नका." ताटाच्या कडेला चिकटलेला शेवटचा घास त्यांनी सर्वांत धाकटीच्या तोंडात घातला आणि ताट मोरीत नेऊन त्यावर पाणी ओतलं. आता आयझॅकच्या रीतीनं पुन्हा करायचं म्हटलं तरी मलिदा उरला नव्हता.

पाणी ओतताना त्यांच्या लक्षात आलं की, आपल्या स्वतःच्या वाट्याला काही ठेवलंच नाही.

हझान आले तेव्हा सात वाजत आले होते. धुळीनं पांढरे झालेले, टायर बदलताना लागलेलं काळं हाताला तसंच. त्यांनी हात धुतले, टोपी झटकली आणि खोलीभर पाहिलं. "दहा आहेत ना?"

आयझॅकनं त्यांना सगळं सांगायला सुरुवात केली. फोन तुटला तिथपासून. लेया कशी, बाई कशा, तो स्वतः ओट्यावर कसा. नऊ की अकरा, सवयीनं म्हटलेलं धरायचं की नाही. बोलताना तो हातवारे करत होता आणि त्याच्या उजव्या हातात ती मलिद्याची पुडी तशीच होती, न खाल्लेली. खाल्ली तर झालेलं मान्य केल्यासारखं, टाकली तर पाप. तासभर तो ती घेऊन फिरत होता.

हझान ऐकत होते, पण त्यांचे डोळे पुडीवर होते. सकाळी सहाला निघालेला माणूस.

"काय आहे ते?"

"मलिदा. पण हझान, प्रश्न असा की..."

हझाननी पुडी त्याच्या हातातून घेतली, उघडली, पुटपुटत आशीर्वाद म्हटला आणि सगळा मलिदा दोन घासांत खाल्ला. आयझॅकचं वाक्य तोंडातच राहिलं. हझाननी कागदाची घडी घातली, मिशी पुसली.

"चांगला झालाय," ते म्हणाले. "वेलदोडा जरा जास्त पडलाय."

आणि मग भिंतीला टेकून बसले. कद्दीश झालं की नाही झालं, यावर ते अवाक्षर बोलले नाहीत. आयझॅक त्यांच्यासमोर तसाच उभा होता, रिकाम्या हातानं. शमुवेलनं त्याला बाही धरून खाली बसवलं.

स्वयंपाकघरात बाईंनी चहाचं आधण ठेवलं. सगळ्यांचा चहा, मोठं पातेलं. लेया मागून आली आणि कप मांडायला लागली. बाहेर पुन्हा कुणाचातरी आवाज चढत होता, बहुतेक आयझॅकचाच.

"कद्दीश कसं झालं माझं, कुणी सांगितलं का?" बाईंनी पातेल्यात साखर टाकत विचारलं. "एकानं तरी? आणि मला म्हणे वेलदोडा!"

"शब्द एकबी चुकला न्हाई, बाई."

"ते मला माहीत आहे." त्यांनी गॅस मोठा केला. "वेलदोडा बेताचाच होता. दूध काढ."